गवत कापण्याचे यंत्र: निगा आणि जबाबदारी



पाऊस ओसरला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील काजूच्या बागायतींत बेणणीची घाई सुरू होते. मोहोर येण्यापूर्वी झाडांखालचे रान साफ झाले पाहिजे. नाही तर पुढे पडलेली बोंडे गवतात सापडत नाहीत, आणि बिया वेचणाऱ्याचा हात एखाद्या सापावर पडण्याची भीती असते. पूर्वी हे काम कोयत्याने होई. आता कामाला माणसे मिळत नाहीत, म्हणून पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर अनेक घरांत आला आहे.

चर्चच्या आवारासाठी आम्हीही एक यंत्र घेतले. पहिल्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एके दिवशी घाईत तेल न मिसळताच पेट्रोल भरले गेले आणि इंजिन जाम झाले. दुरुस्तीला मोठा खर्च आला. त्याआधी एकदा पात्याखालून उडालेल्या खड्याने धर्मशिक्षणाच्या वर्गाची काच फुटली होती. वर्ग रिकामा होता, एवढीच देवाची कृपा. यंत्राचा दोष नव्हता. ते वापरणाऱ्याला नीट शिकवले नाही, हा आमचा दोष होता.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. त्याने छताला कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. धोक्याची वस्तू ज्याची, तिला कठडा घालण्याचे कर्तव्यही त्याचेच. ग्रासकटरचा कठडा कोणता, ते आज पाहू.

१. इंधन. बहुतेक यंत्रे टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी ऑईल हेच त्याचे वंगण. प्रमाण यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. १:५० असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, मापाने घ्यावे. मिश्रण वेगळ्या डब्यात करून त्यावर ठळक खूण करावी. फोर-स्ट्रोक यंत्रात मात्र तेल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. ते इंजिनात वेगळे भरतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल शोषून घेते. म्हणून महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करावे.

२. रोजची निगा. काम संपल्यावर १० मिनिटे द्यावीत. यंत्र गार झाल्यावर हवेची जाळी काढून झटकावी. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. इंजिनाच्या पंख्यांमध्ये अडकलेले गवत काढावे, नट-बोल्ट आवळून पाहावेत. पात्याजवळच्या गिअरपेटीत सुमारे २० ते २५ तासांच्या कामानंतर ग्रीस भरावे. प्लग काळा पडला असेल तर साफ करावा. पात्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढून ठेवावी.

३. पाते आणि झाड. मऊ गवताला नायलॉनची दोरी पुरे, झुडपांना लोखंडी पाते हवे. दोरीच्या जागी तार कधीही लावू नये. तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. तडा गेलेले पाते फेकून द्यावे, ते वेल्डिंग करून वापरू नये. काजूच्या बुंध्याभोवती हातभर जागा कोयत्याने किंवा हाताने साफ करावी. कलमाची साल सभोवार सोलली गेली तर कलम मरते. मोठ्या झाडाच्या सालीवरील जखमांत आणि भेगांत खोडकिड्याला अंडी घालायला जागा मिळते.

४. माणसे. यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नसावे. मुले आणि जनावरे तर मुळीच नकोत. आधी जागेवरून फिरून दगड, तारा व बाटल्या वेचाव्यात. चालवणाऱ्याला जाळीचा मुखवटा वा चष्मा, कानांना बोळे, जाड बूट आणि लांब विजार हवीच. आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. तासन्‌तासाच्या थरथरीने बोटे बधिर होतात, म्हणून अर्ध्या तासाने विसावा घ्यावा. रोजंदारीच्या गड्याला चष्मा देणे हा उपकार नव्हे. मजुरीइतकाच तोही त्याचा हक्क आहे.

५. गोचीड आणि आग. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीत २०१५ साली, आणि शेजारच्या दोडामार्गात २०१६ साली, माकडतापाने माणसे दगावली. हा रोग रानातील बारीक गोचिडींमुळे होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पालापाचोळ्यावर बसू नये. घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून अंग तपासावे व कपडे गरम पाण्यात भिजवावेत. एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी वा अंगदुखी सुरू झाली तर लगेच आरोग्य केंद्रात जावे आणि आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवावे.

मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या, हे आपण विसरलेलो नाही. तापलेले यंत्र वाळल्या गवतावर ठेवू नये. पेट्रोल भरताना इंजिन गार असावे, जागा साफ असावी आणि विडी-सिगारेट दूर असावी.

यंत्र एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार घरांनी मिळून घ्यावे. मात्र सांभाळणारा एकच ठेवावा, आणि किती तास चालले, ग्रीस कधी भरले, हे एका वहीत लिहावे. सगळ्यांचे म्हणून कोणाचेच नाही, असे होऊ नये. खरेदीपूर्वी विभागीय कृषी कार्यालयात कृषी कार्ड नेऊन मदतीच्या योजनांची चौकशी करावी.

१५ मे हा शेतकऱ्यांचे संत इसिदोर यांचा सण. तोवर काजूचा हंगाम सरत आलेला असतो. त्या सुमारास यंत्राची टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवावे, पात्याला तेल पुसावे आणि यंत्र कोरड्या जागी टांगून ठेवावे.

देवाने मनुष्याला बाग मशागतीसाठी आणि राखण्यासाठी दिली. बागेत राबणारा माणूसही राखायचा आहे. या आठवड्यात एवढेच करावे: आपले यंत्र दुसरा कोणी चालवत असेल, तर त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. नसेल तर पुढचे गवत कापण्याआधी तो आणून द्यावा.