मोबाईलचा नवा प्रोसेसर : शेतकऱ्याला किती गरजेचा?



फैजपूर, सावदा, रावेर या केळीच्या पट्ट्यात मोबाईल हे आता शेतीचे एक अवजार झाले आहे. केळीचा रोजचा भाव, हवामानाचा इशारा, ई-पीक पाहणी, विम्याचा अर्ज आणि पैशांची देवघेव ही कामे त्यावरच होतात. त्यामुळे बाजारात नवा फोन आला की पारावर वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, "नवा प्रोसेसर दुप्पट वेगाचा आहे, जुना फोन बदलून टाका." दुसरी बाजू म्हणते, "जुन्या फोनवर सगळे होते, पैसे खतात घाला." दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्या बाबतीत कोणती बाजू लागू पडते, हे कसे ओळखावे याची माहिती या लेखात दिली आहे.

प्रोसेसर म्हणजे काय?

विहिरीवरील मोटारीचे जे काम, तेच फोनमध्ये प्रोसेसरचे. विहिरीला पाणी कमी असेल किंवा पाईप लहान असेल, तर ३ अश्वशक्तीच्या जागी ५ अश्वशक्तीची मोटार बसवून पाणी वाढत नाही. फोनमध्ये नेटवर्क म्हणजे विहीर, साठवण व रॅम म्हणजे पाईपलाईन आणि बॅटरी म्हणजे वीजपुरवठा समजावा. अडथळा नेमका कोठे आहे हे पाहिल्याशिवाय मोटार बदलू नये.

आजच्या फोनमध्ये प्रोसेसर, चित्र दाखविणारा भाग, मोबाईल नेटवर्कचा मोडेम आणि उपग्रहावरून ठिकाण शोधणारा भाग बहुधा एकाच चिपवर असतात. म्हणून नवीन चिपमुळे केवळ वेगच नव्हे, तर इतर सोयीही बदलू शकतात. उदाहरणार्थ, क्वालकॉम कंपनीने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलेल्या स्नॅपड्रॅगन ७२०जी, ६६२ व ४६० या चिपमध्ये भारताच्या नाविक उपग्रह प्रणालीचा समावेश होता.

नवी पिढी म्हणजे नवा प्रोसेसर असेलच असे नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन १४ आणला. त्याच्या प्रो प्रकारात ए१६ ही नवी चिप होती. साध्या प्रकारात मात्र आधीच्या वर्षीची ए१५ हीच चिप ठेवली होती. आपल्या खिशाला परवडणाऱ्या फोनचेही तसेच. २०२३ च्या रेडमी १२ ५जी मध्ये स्नॅपड्रॅगन ४ जेन २ चिप होती. २०२४ च्या रेडमी १३ ५जी मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती आली. कमाल वेग २.२ गिगाहर्ट्झवरून २.३ गिगाहर्ट्झ झाला, म्हणजे वाढ पाच टक्क्यांहूनही कमी. कॅमेरा आणि चार्जिंगमध्ये मात्र फरक होता. यावरून खोक्यावरील पिढीचा आकडा पाहून वेगाचा अंदाज बांधू नये.

खानदेशचा उन्हाळा आणि प्रोसेसर

आपल्या भागासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. काम करताना प्रोसेसर तापतो. ठराविक मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. मग पडदा मंद होतो, चार्जिंग थांबते आणि कधी कॅमेराही बंद पडतो. ॲपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात महागडा वेगवान प्रोसेसरही पूर्ण वेगाने चालत नाही.

येथे नवी चिप उपयोगी पडते ती वेगासाठी नव्हे, तर कमी विजेत तेच काम करण्यासाठी. मात्र त्यातही नावावर जाऊ नये. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ या चिपबद्दल जास्त तापण्याच्या तक्रारी होत्या. २०२२ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनविलेली ८ प्लस जेन १ ही आवृत्ती आली आणि ती कमी तापते असे दिसून आले.

अडथळा कोठे आहे ते असे तपासावे

१) इंटरनेट बंद करून फोनमधील जुने फोटो उघडावेत. ते झटपट उघडत असतील आणि भावाचे पान मात्र फिरत राहत असेल, तर दोष नेटवर्कचा आहे. प्रोसेसर बदलून उपयोग नाही.

२) फोटोही सावकाश उघडत असतील, तर साठवण किती भरली आहे ते पाहावे. व्हॉट्सॲपवरील जुने व्हिडिओ काढून टाकावेत आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. फरक पडल्यास खर्च वाचला.

३) सकाळी फोन चांगला चालतो आणि दुपारी अडतो, असे असल्यास दोष उष्णतेचा आहे.

४) बॅटरी लवकर उतरत असेल किंवा फोन अचानक बंद पडत असेल, तर प्रथम बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा.

५) सावलीत, मोकळ्या साठवणीसह आणि चांगल्या नेटवर्कवरही फोन अडखळत असेल, तरच प्रोसेसर किंवा रॅम अपुरी आहे असे समजावे.

आपली कामे किती जड आहेत?

मेघदूत (२०१९) या ॲपवरील हवामान सल्ला आणि दामिनी (२०२०) या ॲपवरील विजेचा इशारा ही हलकी कामे आहेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीला चांगला कॅमेरा, अचूक ठिकाण आणि नेटवर्क लागते. फार वेगवान प्रोसेसर लागत नाही. शेवटच्या दिवसांत नोंद अडते ती बहुधा सर्व्हरवरील गर्दीमुळे. पिकाची नोंद राहिली तर विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. म्हणून मुदत सुरू होताच पहिल्या आठवड्यात नोंद करावी. हा उपाय फुकट आहे आणि कोणत्याही नव्या फोनपेक्षा खात्रीचा आहे.

नवा फोन केव्हा घ्यावा?

फोनला सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाले असेल आणि बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप चालत नसेल, तर फोन बदलणे योग्य. यात पैशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. खरेदी करताना पुढील क्रमाने विचारणा करावी : अपडेट किती वर्षे मिळणार, रॅम व साठवण किती, उन्हात पडदा दिसतो का, बॅटरी किती टिकते, गावात दुरुस्ती होते का, आणि शेवटी प्रोसेसर कोणता. २०२४ च्या सॅमसंग गॅलक्सी ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनला कंपनीने सहा वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले आहे. असे आश्वासन चिपच्या थोड्या जास्त वेगापेक्षा मोलाचे आहे.

घ्यावयाची काळजी

फोन मोटारसायकलच्या हँडलवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवू नये. उन्हात चार्जिंग करू नये. तापल्यास जाड कव्हर काढून सावलीत ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण आत दव धरते. बागेतील करप्याचे किंवा विषाणुजन्य रोगाचे फोटो सकाळी घ्यावेत. फोटो स्पष्ट येतो आणि फोनही तापत नाही.

थोडक्यात, मोटार बदलण्यापूर्वी आपण विहीर आणि पाईपलाईन पाहतो. फोनच्या बाबतीतही आधी अडथळा शोधावा. तो प्रोसेसरमध्ये सापडला तर खर्च जरूर करावा. अन्यथा तोच पैसा बागेला द्यावा.