ईश्वराची ओढ

धर्म स्वीकारला म्हणजे ईश्वराची ओढ पुरी होते काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र याचे उत्तर देते. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग सोसावा लागला. तरी तळमळ शमली नाही. ख्रिस्ताला मातृभाषेत आळवण्यासाठी त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ साली ते निवर्तले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

वाचकहो, पाठ असलेली प्रार्थना आटोपल्यावर क्षणभर आपल्या घरच्या बोलीत देवाशी बोलावे. ओढ तिथेच वाढते. माझ्यासारख्या नमाजी माणसासही हा धडा लागू आहे.