लोभ या अक्षरात दडलेले दारिद्र्य

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात कँटोनीज भाषा बोलली जाते. जुगारात किंवा शेअर बाजारात हाव सुटलेल्या माणसाला तेथे एक म्हण ऐकवतात : ‘थाम जी दक गो फन’. म्हणजे, ‘लोभ’ या अक्षरातून हाती येते ते केवळ ‘दारिद्र्य’.

दोन अक्षरे, एकच पाया

‘थाम’ म्हणजे लोभ आणि ‘फन’ म्हणजे दारिद्र्य. उच्चार वेगळे असले, तरी चिनी लिपीत ही दोन अक्षरे चटकन ओळखू येणार नाहीत इतकी सारखी दिसतात. दोन्हींच्या खालच्या भागात कवडीचे चिन्ह आहे. प्राचीन चीनमध्ये कवड्या चलन म्हणून वापरल्या जात. त्यामुळे धनाशी संबंधित अनेक अक्षरांत हे चिन्ह आढळते. फरक आहे तो वरच्या भागात. ‘लोभ’ या अक्षरात कवडीच्या वर ‘आता’ हे अक्षर आहे, तर ‘दारिद्र्य’ या अक्षरात ‘विभागणे’. ‘आता’ हे अक्षर मुळात उच्चार सुचवण्यासाठी आले आहे. तरीही ‘आताच हवे’ ही लोभी मनाची घाई त्यात सहज दिसते.

म्हणीचा बोध

समजा, एखाद्याच्या दहा रुपयांचे पंधरा झाले. वीस होतील या आशेने तो थांबला आणि शेवटी सहाच उरले. आपल्याकडे अशा वेळी म्हणतात, ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.’

पण खरी हानी त्याआधीच झालेली असते. हाती पंधरा रुपये असतांना ‘वीस नाहीत’ याचेच त्याला दुःख होते. म्हणजे दारिद्र्य पैसे गेल्यावर आले नाही. ‘अजून हवे’ असे वाटले, त्याच क्षणी ते मनात आले.

आपण काय करावे ?

पतंजलींनी योगसूत्रांत पाच नियमांमध्ये ‘संतोष’ सांगितला आहे. संतोष म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे, तर ‘पुरे’ कोठे म्हणायचे हे जाणणे.

१. व्यवहार आरंभ करण्यापूर्वीच ‘किती मिळाले की पुरे’ हे लिहून ठेवावे. नंतर ठरवू म्हटले, तर आकडा वाढतच जातो.

२. ‘आताच हवे’ असे तीव्रतेने वाटल्यास निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा.

३. रात्री स्वतःला विचारावे, ‘आज जे हाती होते त्याचा आनंद घेतला, की जे नव्हते तेच मोजत बसलो ?’

हाव पुरी झाल्यावर समाधान मिळेल, अशी वाट पाहू नये. हाव पुरी होत नाही. ती थांबवावी लागते.