बंद दाराची साक्ष : ईम गावचे मंदिर



इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून मध्ययुगीन ख्रिस्तमंदिरे हजारोंच्या संख्येने उभी आहेत. त्यांपैकी डार्बीशायरच्या डोंगराळ भागातील ईम या गावचे संत लॉरेन्स मंदिर आपण या पाठात पाहणार आहोत. याहून भव्य मंदिरे पुष्कळ आहेत. परंतु येथील मंडळीने एकदा आपल्या मंदिराचे दार शेजाऱ्यांच्या प्रीतीस्तव स्वतःच बंद केले, आणि त्या बंद दाराची साक्ष साडेतीनशे वर्षे टिकली आहे.

मंदिराचे आवार

आवारात शिरताच सॅक्सन काळातील एक दगडी क्रूस दिसतो. तो मंदिराहूनही जुना आहे. त्याच्या दांड्याचा काही भाग नाहीसा झाला असला, तरी वरचे कोरीव काम शाबूत आहे. मंदिराची बांधणी निरनिराळ्या शतकांतील असून तिचे जुने भाग तेराव्या शतकापर्यंत मागे जातात. आत नॉर्मन काळातील दगडी बाप्तिस्मापात्र आहे. १९८५ साली बसविलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत या गावावर आलेल्या महामारीची कथा चितारली आहे. बाहेर, क्रूसाजवळच, कॅथरीन मॉम्पेसन या पाळकपत्नीची कबर आहे. त्या कबरीपाशी क्षणभर थांबून आपण ती कथा ऐकू.

महामारी आणि दोन पाळक

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने हाहाकार माजविला होता. तेथून ईममधील एका शिंप्याकडे कापड आले आणि त्यातील पिसवांबरोबर रोगही आला, असे परंपरेने सांगितले जाते. शिंप्याकडे राहणारा जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरच्या आरंभी मरण पावला. हिवाळ्यात साथ मंदावली; पण १६६६ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली.

त्या वेळी विल्यम मॉम्पेसन हे तरुण पाळक गावात नवेच होते. त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली प्युरिटन मताचे होते. उपासनाविधीविषयीच्या १६६२ च्या कायद्याला संमती न दिल्यामुळे त्यांना पद सोडावे लागले होते. तरी लोकांचे मन त्यांच्याकडेच होते. उपासनेच्या प्रश्नावर परस्परविरुद्ध उभ्या असलेल्या या दोन सेवकांनी जून १६६६ मध्ये एकत्र बसून विचार केला व लोकांपुढे तीन गोष्टी ठेवल्या. मेलेल्यांना ज्यांनी त्यांनी आपापल्या शेतात वा बागेत पुरावे. मंदिर बंद करून उपासना ककलेट डेल्फ नावाच्या जवळच्या घळीत, उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून व्हावी. आणि गावाची सीमा कोणीही ओलांडू नये.

लोकांनी हे मान्य केले. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनी अन्नसामग्री पुरविली. बाहेरचे लोक सीमेवर जिन्नस ठेवून जात. त्यांचे पैसे सीमेवरील दगडांच्या खळग्यांत, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले जात.

या आज्ञापालनाची किंमत

एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत आपला पती व सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी पुरले. गावाबाहेर गोल दगडी भिंतीच्या आत त्या कबरी आजही आहेत. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच दूर पाठविली होती. कॅथरीन मात्र पतीला सोडून गेली नाही. रोग्यांची सेवा करीत ती २५ ऑगस्टला मरण पावली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली, तोवर सुमारे २६० माणसे गेली होती. सीमा बंद राहिल्याने गावातील मृत्यू वाढले असावेत, असेही काही अभ्यासक म्हणतात. परंतु रोग आसपासच्या गावांत पसरला नाही.

आपणांसाठी बोध

पहिला बोध असा की, प्रीतीला सीमा ओलांडून जाता येते, तशी सीमेच्या आत थांबूनही राहता येते. मित्रांसाठी प्राण देण्याविषयी प्रभूने जे सांगितले (योहान १५:१३), ते ईमच्या लोकांनी ज्यांची नावेही ठाऊक नव्हती अशा शेजाऱ्यांसाठी केले.

दुसरा बोध ऐक्याचा. मॉम्पेसन व स्टॅन्ली यांनी आपले मतभेद मिटविले, असे इतिहास सांगत नाही. मतभेद असताना त्यांनी एकाच कळपाची काळजी वाहिली. ज्या ठिकाणी एका गावात दोन मंडळ्या असून एकमेकींच्या दुःखातही जात नाहीत, तेथे हा धडा वाचला जावा.

तिसरा बोध मंदिराविषयीचा. २०२० साली साथीमुळे आपलीही मंदिरे बंद झाली, तेव्हा पुष्कळांना उपासनाच थांबल्यासारखे वाटले. ईमची मंडळी घळीतल्या गवतावर उभी राहिली, तरी ती मंडळीच होती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तेथे आजही स्मरणार्थ उपासना होते.

मननासाठी

१. आपल्या मंडळीच्या कोणत्या सवयी शेजाऱ्याच्या हितासाठी आपण सोडू शकू?

२. ज्याच्याशी आपले मत जुळत नाही, अशा कोणत्या विश्वासी बंधूबरोबर या महिन्यात एखादे सेवाकार्य करता येईल?

३. आपले मंदिर उद्या बंद झाले, तर गावाला आपली उणीव कशात भासेल?