फूल उडवण्याआधी

गड्यांनो, तुम्ही स्कूटरवरून उतरता, जॅकेट काढता आणि तिसऱ्या मिनिटाला बॅडमिंटनच्या फुलावर स्मॅश मारता. बुलढाण्याच्या थंडीत हे महागात पडतं. आपलं गाव अजिंठ्याच्या डोंगरावर. मलकापुराहून राजूर घाट चढून आलेला पाहुणा इथं पोचला की आधी मफलर शोधतो. पहाटे साडेपाचला पोटऱ्या नुसत्या दगड असतात.

मीही तुमच्यासारखाच होतो. बेचाळिसावं वर्ष, डिसेंबर, पहिलाच गेम. मागं सरकलो, फूल पुढं पडतंय असं दिसलं म्हणून एकदम झेपावलो, तर टाचेच्या वर कुणीतरी सणसणीत लाथ घातली. चिडून वळलो. मागं फक्त भिंत! पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर तुटली होती. डॉक्टर तिला अकिलिस टेंडन म्हणतात. रॅकेट पुन्हा हातात यायला अख्खं वर्ष गेलं.

तेव्हापासून माझी दहा मिनिटं ठरलेली. कोर्टाभोवती झपाझप चालायचं, मग हलकं धावायचं, दम थोडा लागेपर्यंत. घोटे दोन्हीकडं फिरवायचे. मग पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर, सावकाश खाली, पंधरा वेळा. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका. नेटजवळचं फूल उचलताना वाकता तसा एक पाय लांब टाकून वाका; गुडघा पंजाच्या रेषेतच राहू द्या, आत कलू देऊ नका. खांदे, मनगटं मोकळी करा. शेवटी फुलाशिवाय रॅकेट फिरवत चारही कोपरे गाठून या. बाकावरची मंडळी हसतात, हसू द्या.

पाय धरून ताणत उभं राहणं मात्र खेळ संपल्यावर, एकेक ताण तीस सेकंद. गार अंग ओढून काही साधत नाही.

आणखी एक. डबल्सचा नंबर लागेस्तोवर वीस मिनिटं गप्पा हाणता, तेवढ्यात अंग पुन्हा थंड होतं. उठल्यावर दोन मिनिटं परत हला. अन् ते जाड टाचेचे धावायचे बूट घरी ठेवा. आडवं पाऊल पडलं की घोटा त्यातच मुरगळतो.

उद्या वेळेवर या. पहिली दहा मिनिटं फुलांचा डबा माझ्याजवळ राहील.