बांबूचे बेट आणि आपले मत

मंडळी, पुढाऱ्याची गोष्ट म्हटली की आपल्यापुढे काय येते? सभा येते, हारतुरे येतात, जीपगाडी येते. आज आपण एका वेगळ्या पुढाऱ्याची गोष्ट वाचू. ते सभेत उभे राहतात आणि झाडाविषयी बोलतात. त्यांचे नाव पाशा पटेल. गाव लोदगा, तालुका औसा, जिल्हा लातूर. म्हणजे आपल्या मराठवाड्यातलेच.

पण त्याआधी एक आठवण काढू.

आगगाडीने आलेले पाणी

२०१६ सालचा उन्हाळा आठवतो ना? लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण आटले होते. नळ कोरडे, बोअर कोरडे. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून सरकारला जमावबंदी लावावी लागली. घागरीसाठी जमावबंदी! असे आधी कोणी ऐकले होते काय?

मग १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. ऐकायला केवढे वाटते! पण हिशेब करा. लातूर शहरात तेव्हा सुमारे चार लाख माणसे. पाच लाख लिटर चार लाखांना वाटले, तर माणशी सव्वा लिटर. म्हणजे तांब्याभर पाणी. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली. लातूरकरांनी ते दिवस काढले. पण एक प्रश्न मागे राहिला. ही वेळ आपल्यावर का आली?

पाऊस कमी पडला, हे खरे. पण तेवढेच खरे नाही. उसाने पाणी ओढले. बोअरवर बोअर खोल गेले. आणि झाड तर राहिलेच नाही. देशाच्या एक तृतीयांश जमिनीवर झाडी असावी, असे १९८८ सालचे वनधोरण सांगते. लातूर जिल्ह्यात शंभर एकरांत एक एकरसुद्धा जंगल नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे जंगल आहे, पण बाकीचे माळ बोडकेच. झाडाची मुळे माती धरून ठेवतात. पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. झाड नसले की पाणी धावत सुटते, आणि जाताना शेताची मातीही घेऊन जाते.

आधी भाव, मग झाड

पाशा पटेल तरुणपणी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेत काम करू लागले. शेतकऱ्याला घामाचे दाम मिळाले पाहिजेत, ही त्या संघटनेची लढाई. गावोगाव हिंडून भावाची गोष्ट सांगायची, हे त्यांचे काम. पुढे ते भारतीय जनता पक्षात गेले. विधान परिषदेचे आमदार झाले. २०१७ साली त्यांना राज्य कृषिमूल्य आयोगाचे अध्यक्ष केले. पीक काढायला शेतकऱ्याला किती खर्च येतो, याचा हिशेब करायचा आणि भावाची शिफारस करायची, हे या आयोगाचे काम.

भावाची लढाई लढता लढता त्यांनी झाडाचा विषय हाती घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपण दगडी कोळसा जाळतो, डिझेल जाळतो. त्या धुराने हवा तापते. हवा तापली की पावसाचे वेळापत्रक बिघडते. कधी महिनाभर थेंब नाही, कधी एका रात्रीत शेत वाहून जाते. यात पहिला मरतो तो शेतकरी. मग शेतकऱ्याने असे काही लावावे, की हवाही निवेल आणि पैसाही मिळेल. ते म्हणजे बांबू.

त्यांच्या लोदगा गावात बांबूची रोपे तयार होऊ लागली. बांबूपासून खुर्च्या-मेज बनवण्याचे कामही उभे राहिले. पुढे राज्याच्या पर्यावरण कृती दलाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

कायदा बदलला की काय होते

कोणी म्हणेल, झाड लावायला पुढारी कशाला? कुदळ पुरे. खरे आहे, एक झाड लावायला कुदळ पुरते. पण एक गंमत सांगतो.

बांबू हे गवत आहे. ज्वारी, ऊस, बांबू ही सगळी एकाच कुळातली. पण १९२७ सालच्या वनकायद्याने बांबूला झाड ठरवले होते. त्यामुळे आपल्याच शेतातला बांबू तोडून गाडीत भरायचा, तरी परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागत. मग कोण लावणार बांबू? २०१७ साली संसदेने हा कायदा बदलला. जंगलाबाहेर वाढलेला बांबू आता कायद्याने झाड नाही. जे काम हजार कुदळींनी झाले नसते, ते कायद्यातल्या एका शब्दाने झाले.

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने बांबूच्या उद्योगासाठी धोरण मंजूर केले. त्याच साली आसामात बांबूपासून इथेनॉल काढण्याचा कारखाना सुरू झाला. म्हणजे टोपली, सूप आणि शिडी यांच्या पलीकडे बांबूला वाट सापडू लागली आहे. हे सारे राजकारणाचे काम. म्हणून झाड आणि पाणी हे विषय पुढाऱ्याच्या तोंडी असले पाहिजेत.

दूर आफ्रिकेतही असेच घडले. केनिया देशात वांगारी माथाई नावाच्या बाई होत्या. १९७७ साली त्यांनी खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडे लावायला सुरुवात केली. कोट्यवधी झाडे लावली. पण सत्तेवरचे लोक जंगल विकू लागले, तेव्हा नुसती झाडे लावून भागेना. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. २००२ साली निवडून आल्या, पर्यावरण खात्याच्या उपमंत्री झाल्या. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली त्या वारल्या.

आजीचा प्रश्न

हा धडा मी आमच्या रात्रीच्या वर्गात सांगितला. सगळे माना डोलवत होते. मागे बसलेल्या एका आजीने मात्र विचारले,

"गुरुजी, बांबू लावला तर पैसा कवा येणार?"

"चौथ्या-पाचव्या वर्षी तोड सुरू होते, आजी."

"आन् तवर लेकरांना काय खाऊ घालू? बांबूचे कोंब?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण मी एकदा फसलो आहे. नोकरीत असताना एक भाषण ऐकून मी बांधावर निलगिरी लावली. कोणाला काही विचारले नाही. झाडे भराभर वाढली, पण बांधालगतची ज्वारी खुरटली. शेजाऱ्याच्या शेतातलीसुद्धा. तो बिचारा दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही. शेवटी ती झाडे काढली. झाडाचा दोष नव्हता. जागा चुकली, आणि मी न विचारता लावली, हा दोष.

म्हणून आजीचा प्रश्न शंभर नंबरी आहे. बांबूलाही पहिली दोन वर्षे पाणी द्यावे लागते. गुराढोरांपासून राखावे लागते. जिथे पाणी साचते तिथे तो नीट येत नाही. तोडताना तीन वर्षांवरच्या काठ्याच तोडाव्या, कोवळ्या राखाव्या, आणि पावसाळ्यात तोड करू नये. एवढे सांभाळले तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. पण विकत कोण घेणार, हे आधी पाहिले पाहिजे. सगळे रान एकदम बांबूखाली घालू नये. आधी पडीक कोपरा, ओढ्याचा काठ घ्यावा. पोटाची ज्वारी, तूर मोडू नये.

पाशा पटेल असोत की दुसरे कोणी, पुढाऱ्याचे ऐकावे, पण हिशेब आपण करावा. पुढाऱ्याने विषय काढला हे त्याचे काम. प्रश्न विचारणे हे आपले काम. आजवर आपण अंगठा लावत होतो, म्हणून कागदावर काय आहे ते दुसरा सांगेल तेच खरे. आता तुम्हाला वाचता येते. रोपांची पावती वाचा. खरेदीचा करार वाचा. अनुदानाचा अर्ज स्वतः भरा. आणि पुढच्या वेळी मत मागायला कोणी दारात आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि विचारा : बाबा, या पाण्याचे तू काय करणार आहेस?

शब्द समजून घ्या

धोरण : सरकारने ठरवलेली कामाची दिशा.
अनुदान : एखाद्या कामासाठी सरकारने दिलेली मदत.
बेट : बांबूच्या एका बुंध्यातून उगवलेला जुडगा.

प्रश्न

१. पहिल्या आगगाडीने आलेले पाणी माणशी किती भरले?
२. २०१७ साली बांबूच्या कायद्यात काय बदल झाला?
३. आजीचा प्रश्न तुम्हाला बरोबर वाटतो का? का?

करून पाहा

आपल्या गावात पडीक जागा किती आहे, ते चार जण मिळून पाहा. तिथे पूर्वी कोणती झाडे होती, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती नावे आपल्या हाताने वहीत लिहा आणि ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवा.