मुरगळलेला घोटा : सूज उतरली, पण पाय बरा झाला का?

गेल्या पावसाळ्यात तारापूर औद्योगिक वसाहतीतला एक कामगार लंगडत माझ्याकडे आला. वय जेमतेम तिशीचे. "डॉक्टर, वर्षात चौथ्यांदा पाय मुरगळला. हाडातच काही दोष आहे का?" असे त्याने विचारले. पहिल्यांदा रेल्वे स्थानकाचा जिना उतरताना त्याची शेवटची पायरी चुकली होती. त्याने ओळखीच्या माणसाकडून पाय चोळून, ओढून घेतला. सूज थोडी उतरताच तिसऱ्या दिवशी तो पाळीवर हजर झाला. खाडा परवडणारा नव्हता. पुढे जरा खडबडीत जागा आली की तोच पाय आत वळू लागला.

हाडात दोष नव्हता. उपचार अर्धवट राहिला होता, एवढेच.

घोटादुखीची कारणे अनेक असली तरी पाय मुरगळणे हे सर्वात नेहमीचे. आपल्या भागात त्याला निमित्तेही पुष्कळ. भातलावणीच्या वेळी निसरडा बांध, पालघर-बोईसरला लोकलमधून घाईने उतरणे, कारखान्यातली ओली फरशी. बहुतेक वेळा पाऊल आतल्या बाजूला वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे. बाहेरच्या बाजूला असे तीन असतात. त्यांतला पुढचा सर्वात आधी दुखावतो.

या पट्ट्यांचे आणखी एक काम असते. पाऊल कसे पडले, किती कलले, याची खबर त्यांच्यातील मज्जातंतू मेंदूला देतात आणि मग स्नायू क्षणात पाय सावरतात. पट्टा दुखावला की ही खबर उशिरा पोहोचते. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, पण हा तोल आपोआप परत येईलच असे नाही. वारंवार पाय मुरगळण्याचे मुख्य कारण हेच.

पहिले दोन-तीन दिवस काय करावे? पायाला विश्रांती द्यावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा. क्रेप बँडेज बांधावे, मात्र बोटे काळी-निळी किंवा बधिर होतील इतके घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. या दिवसांत गरम शेक, जोराने चोळणे आणि पाय ओढून 'बसवणे' टाळावे. आतला रक्तस्राव व सूज त्याने वाढते आणि हाड मोडलेले असेल तर ते सरकते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर गरम करून लावू नये. तसेच लेप म्हणजे तपासणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

हाड मोडले आहे का, हे कसे ओळखावे? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचे टोक किंवा मागची कड दाबल्यावर हाडच दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा.

न मुरगळताही घोटा दुखतो. एका रात्रीत लाल, गरम होऊन हात लावू देत नसेल तर युरिक ॲसिड वाढल्याचा संशय घ्यावा. सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोटरीवर मागून काठी बसल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर टाचेची शीर तुटलेली असू शकते. मधुमेहींनी तर पाय सुजून गरम झाला आणि दुखत नसला तरी थांबू नये.

आता भौतिकोपचाराकडे वळू. हाड मोडलेले नसेल तर दोन-तीन दिवसांनी, सोसेल तेवढा भार देत चालायला लागावे. महिनाभर खाटेवर पडून राहिल्याने सांधा आखडतो. बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवावे. घोटा सर्व दिशांनी फिरतो. टॉवेल तळपायाला अडकवून पाऊल आपल्याकडे ओढावे. दुखणे कमी झाले की भिंतीला धरून टाचा उचलाव्या, दहा-दहा वेळा.

शेवटी सर्वात महत्त्वाचा व्यायाम, जो बहुतेक जण सोडून देतात. दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभे राहायचे. आधी भिंतीचा आधार घेऊन, मग आधाराशिवाय, मग घडी केलेल्या गोधडीवर. दात घासतानाही हे जमते. दुखणे थांबले तरी किमान सहा आठवडे हा व्यायाम करावा. एकही पैसा लागत नाही.

कामगार बंधू-भगिनींना एक सांगणे. कामावर पाय मुरगळला तर त्याच दिवशी अपघाताची नोंद करून घ्या. राज्य कामगार विमा योजना लागू असेल आणि दुखापतीमुळे तीन दिवस किंवा अधिक काम करता आले नाही, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. पगार बुडेल या भीतीने पाय वाऱ्यावर सोडू नका.

त्या कामगाराने दोन महिने नेमाने व्यायाम केला. परवा बाजारात भेटला, तेव्हा भाजीची पिशवी हातात धरून एका पायावर उभा राहून दाखवत म्हणाला, "बघा डॉक्टर, हलत नाही!" आज घरी आपणही उभे राहून पाहा. दोन्ही पायांत फरक जाणवला, तर जुन्या मुरगळीचा हिशेब अजून बाकी आहे असे समजा आणि व्यायामाला लागा.